बंद खोलीतली हवा

लेकीचा फोन आला तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर एक ढग पसरत होता. खरा नव्हे. आमचे ढग आकड्यांचे असतात. वीजकेंद्राच्या धुरांड्यातून किरणोत्सारी वायू बाहेर पडले तर ते वाऱ्यावर कुठे जातील, वाटेत किती विरतील, कुठल्या वस्तीवर किती उतरतील, हे आधीच गणिताने सांगून ठेवायचं, हे माझं काम. उभी हयात यातच गेली. गंमत म्हणजे ज्या वायूंनी मला पोसलं त्यांना ना रंग, ना वास. कशाला चिकटत नाहीत, कुणात मिसळत नाहीत, येतात आणि निघून जातात. तर तो ढग नदी ओलांडून पलीकडच्या शेतांवर पसरत होता, माझ्या हातात अर्धा खाल्लेला पाव होता आणि फोनवर झुळूक म्हणाली, "आई, मी रविवारी येतेय." तिचं कागदावरचं नाव वेगळं आहे, पण घरात ती जन्मापासून झुळूक. मी म्हटलं, "ये की. विचारतेस काय?" "राहायला येतेय." मी पाव खाली ठेवला. "आणि जावईबापू?" "तो नाही येत." त्या 'नाही'त इतकं काही होतं की पुढे विचारायचं माझ्या जिवावर आलं. मग घाईघाईत, दुसऱ्याच कुणाचा विषय काढावा तशी ती म्हणाली, "बाबांची खोली रिकामीच आहे ना? मी तिथेच राहीन." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पोटची पोर संसार मोडून घरी येतेय आणि आई म्हणणार, थांब, जागेचं बघते? फोन ठेवला तेव्हा पडद्यावरचा ढग पुढे सरकून गेला होता आणि मी काय तपासत होते तेच मला आठवेना.

रिकामी कसली डोंबलाची! त्या खोलीत वारेवाला होता. माझ्या नवऱ्याला सगळं ऑफिस वारेवाला म्हणायचं, मग मीही म्हणायला लागले, ते शेवटपर्यंत. गेल्या हिवाळ्यात तो गेला. आठवडाभर घरात माणसं होती, चहाची पातेली चढत-उतरत होती, जो तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. सगळे पांगल्यावर मी त्याच्या खोलीचं दार उघडलं आणि दारातच थबकले. तो आत होता. म्हणजे त्याचा वास होता, पण इतका ताजा की मी "अहो" म्हणून हाक मारायचीच बाकी होती. यंत्रांना घालायचं पातळ तेल, पेपरमिंटच्या गोळ्या, दाढीचा साबण आणि या सगळ्याखाली त्याच्या तपकिरी स्वेटरचा उबट, जुनाट वास. दुसरी कुणी असती तर तिथे बसून मनसोक्त रडली असती. मी उंबऱ्यात उभी राहून गणित केलं. खोली कितीही बंद ठेवा, फटींतून हवा जातेच. काही तासांत निम्मी बदलते, मग उरलेल्यातली निम्मी, आणि दिवस दोन दिवसांत मूळची हवा नावालासुद्धा उरत नाही. पण लोकर, गादी, पुस्तकं यांचं तसं नसतं. त्यांत मुरलेलं ती हळूहळू सोडत राहतात, पुष्कळ काळ. म्हणजे फटी बुजवल्या तर काहीतरी आशा होती. मी बाजारातून रुंद चिकटपट्टी आणली आणि खिडकीच्या चारी कडा बंद केल्या, दाराखाली पंच्याची गुंडाळी लावली. अपघात झाला तर लोकांनी घर कसं बंद करावं याच्या सूचना मीच लिहिलेल्या आहेत. हात अगदी सराइतासारखे चालले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, दार जेमतेम अंगापुरतं उघडून आत शिरायचं आणि लगेच लावायचं. खोली उत्तरेची, गारठलेली असते, म्हणून त्याचा स्वेटर अंगात घालायचा, त्याच्या खुर्चीत बसायचं, गुडघ्यांना मलम चोळायचं आणि दिवसभराचं सगळं त्याला सांगायचं. साहेबांनी काय अक्कल पाजळली, दूधवाल्याने काय घोळ घातला, सगळं. जिवंत होता तेव्हा इतकं सांगत नव्हते. तेव्हा तो मध्येच म्हणायचा, "मुद्द्यावर ये, वारा पडेल," आणि मी फुगून बसायचे. आता कुणी मुद्द्यावर ये म्हणत नाही. वास कमी होतोय असं अधूनमधून वाटायचं. मग मी स्वतःला बजावायचे, कमी झाला म्हणजे संपला असं नाही. आमच्या धंद्यात शून्य लिहायची पद्धतच नाही. आमच्या सूत्रात वाऱ्याच्या वेगाने भागावं लागतं आणि वारा पूर्ण पडला तर भागायला काही उरत नाही. सगळं गणित आडवं होतं. म्हणून वारा नसला तरी अगदी थोडासा आहे असं धरून चालायचं. पहिल्याच महिन्यात शिकवतात. एकदा सवय लागली की माणूस कुठेही शून्य लिहीत नाही.

आमचं जमलं तेही वारा पडलेल्या दिवसांमुळे. मी नवी होते, दोन वेण्या घालून ऑफिसात जायचे आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. केंद्राच्या मागे मोकळ्या माळावर एक उंच लोखंडी मनोरा होता. त्यावर वेगवेगळ्या उंचीवर वारा मोजणाऱ्या वाट्या गरगरत असायच्या. तो त्या मनोऱ्याचा धनी. सकाळी तो धुराच्या कांड्या पेटवायचा आणि मी खाली उभी राहून धूर कसा जातो त्याची चित्रं काढायचे, कारण तेव्हा आमच्याकडे पडदेबिडदे कुठले? धूर बघूनच सूत्र पारखायचं. ऊन तापलं की धूर खालीवर उसळत जायचा, ढगाळ दिवशी शंकूसारखा सरळ पसरायचा, आणि हिवाळ्यातल्या पहाटे जमीन गार, वर हवा ऊबदार अशी उलटी तऱ्हा असली की धूर चादर अंथरावी तसा चपटा व्हायचा, ना वर जायचा ना खाली यायचा. त्या चपट्या धुराकडे बघत तो म्हणायचा, "हा आळशी. याला उन्हाने उठवल्याशिवाय उठायचा नाही." मग ऊन चढायचं, जमीन तापायची आणि ती सगळी चादर एकदम खाली यायची, आमच्या अंगावर. आम्ही खोकत, हसत पळायचो. आणि ज्या दिवशी वाट्या फिरायच्याच नाहीत त्या दिवशी तो मनोऱ्यावरून ओरडायचा, "बाई, आज तुम्हाला सुट्टी! भागायला काही नाही!" मग आम्ही दोघं गवतात बसून माझ्या डब्यातलं खायचो. तो घरून डबा कधीच आणायचा नाही, लबाड. मला आजही वाटतं, त्या भागात वारा इतक्या वेळा पडायचा हे काही खरं नव्हतं. वर जाऊन हा गडी वाट्या बांधून ठेवत असणार. पुढे चांगलं छेडून विचारलं, पण पठ्ठ्याने कधी कबूल केलं नाही.

एकदा आम्ही शहरात आलो होतो, ऑफिसच्याच कामाला. काम लवकर आटोपलं. रस्त्याने चालताना पाव भाजल्याचा वास आला आणि दोघांच्याही पोटात भूक. तो म्हणाला, "चला, तुमची परीक्षा. भट्टी कुठे आहे ते सांगा." आमच्या विद्येत हे उलटं गणित फार मानाचं. धुरांडं माहीत असताना धूर कुठे जाईल हे कुणीही सांगेल. हाती लागलेल्या चिमूटभर हवेवरून ती कुठून निघाली हे मागे मागे जात शोधायचं, त्यात खरी कसोटी. मी ओढणीचं टोक वर धरून वारा बघितला, आणि आम्ही वाऱ्याच्या तोंडाकडे चालायला लागलो. दोन गल्ल्या गेलो, वास गेला. परत फिरलो, दुसऱ्या बाजूने गेलो, वास आला. एका चौकात तो दाट, दुसऱ्यात काहीच नाही. इमारतींमुळे हवा कशीही वळते, गणितं चुलीत जातात. मी हट्टाला पेटले. तो मुकाट्याने मागे, हातात माझी पिशवी. शेवटी एका बोळाच्या टोकाला भट्टी सापडली तेव्हा ती बंद व्हायच्या बेतात होती आणि एकच पाव शिल्लक होता, तोही एका बाजूने करपलेला. आम्ही पायरीवर बसून तो मोडून खाल्ला. करपलेली बाजू त्याने घेतली. तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "लग्न कराल का माझ्याशी? वारा मी देतो, बाकीचं तुम्ही बघा." मी म्हटलं, आधी तोंडातलं गिळा. झालं, तेवढ्यावरच ठरलं. चांदणं नाही, गाणं नाही, काही नाही. आणि तरी आता वाटतं की त्या पायरीवर परत नेऊन बसवायला कुणी तयार असेल तर मी माझं पेन्शन, घर, गुडघे, जे मागतील ते देईन.

शुक्रवारी बैठक होती. आणीबाणीत लोकांना कोणते संदेश द्यायचे ते नव्याने ठरवायचं होतं. पहिला संदेश सगळ्यांना पाठ: घरात जा, दारंखिडक्या बंद करा, फटी बुजवा. माझं भांडण दुसऱ्या संदेशासाठी होतं, आजचं नव्हे, कित्येक वर्षांचं. ढग जाताना थोडा वायू घरात शिरतोच. ढग पुढे गेला की बाहेरची हवा स्वच्छ होते, पण आत कोंडलेली तशीच राहते. लोक मात्र घाबरून दारं लावूनच बसतात आणि सगळं निभावलं असं समजून तीच हवा घेत राहतात. म्हणून ढग गेला की लगेच सांगायला हवं, आता उघडा, सगळं उघडा. साहेब म्हणाले, "बाई, आधी लोकांना बंद तर करू द्या. उघडायचं त्यांचं त्यांना कळेल." मी म्हटलं, "नाही कळत, साहेब." तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली चष्मेवाली बोलली. ती आमच्याकडे नवी आहे, हुशार आहे, कुणाचं ऐकून घेत नाही, मला आवडते. ती म्हणाली, "बरोबर आहे मॅडमचं. कोंडलेली हवा कुणी आपणहून सोडत नाही. आत आहे ते आपलं वाटायला लागतं ना." मी एकदम वहीत बघायला लागले. साहेब बहुधा कंटाळले होते, त्यांनी मान डोलावली, दुसरा संदेश मंजूर झाला. चष्मेवालीने टेबलाखालून माझा हात दाबला. "जिंकलात की!" मी हसले. घरी येताना बसमध्ये मला कसंतरीच होत होतं, खोटं बोलून बक्षीस घेतल्यासारखं.

घरात पाऊल टाकते तोच नणंदबाईंचा फोन. झुळुकीने आत्याला आधीच सांगितलं होतं. आत्याजवळ ती सगळं बोलते, माझ्याजवळ अडते, त्याचंही कधीकधी लागतं. "वहिनी, पोर येतेय. त्या पट्ट्या काढल्यास का?" मी चपला काढायला लागले. "म्हणजे नाही काढल्या. अगं, माझा भाऊ होता तो, मला नाही का आठवण येत? म्हणून काय त्याला मुरंब्यासारखा बरणीत भरून ठेवायचा?" मला राग आला आणि हसूही आलं. वारेवाल्याला मुरंबा म्हटलेलं त्याला स्वतःलाही आवडलं असतं. "ती माझ्या खोलीत झोपेल," मी म्हटलं, "मी बाहेर दिवाणावर झोपेन." "गुडघे घेऊन?" "हो, गुडघे घेऊन. बरोबरच आणलेत ते." नणंदबाईंनी सुस्कारा सोडला. "तिने बाबांची खोली मागितलीय, वहिनी. तुझी नाही मागितली. लहानपणी बरं नसलं की ती तिथेच जाऊन झोपायची. आठवतंय ना?" आठवत होतं. म्हणूनच तर जीव कुरतडत होता. तिला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या लेकीला त्याच्याच दारातून परत फिरवणं. आणि हो म्हणणं म्हणजे तिच्या बॅगा, तिचं अत्तर, तिचे ओले केस, दारांची उघडझाप. दोन दिवसांत तो खोलीतून निघून गेला असता आणि मग या एवढ्या घरात मी त्याला कुठे शोधणार होते? त्या संध्याकाळी मी स्वेटर घालून खुर्चीत बसले आणि त्यालाच विचारलं, आता काय करू ते सांग. नाक स्वेटरच्या बाहीत खुपसलं. वास होता. मला शपथेवर विचारा, होता.

रविवारी झुळूक आली ती दोनच बॅगा घेऊन. एवढ्या वर्षांचा संसार आणि दोन बॅगा. वाळली होती, गालाची हाडं वर आली होती. दारात मिठी मारली तेव्हा माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून ती तशीच उभी राहिली, मीच शेवटी म्हटलं, "चल, चहा टाकते." चहा झाला. मी आडून आडून सुरुवात केली. माझ्या खोलीत ऊन चांगलं येतं, गादी नवीन आहे, न्हाणीघर जवळ आहे. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "आई, आत्याने सांगितलंय मला पट्ट्यांचं." मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "चिडले नाही मी," ती म्हणाली. "मला फक्त एकदा आत जाऊ दे. मग मी कुठेही झोपेन, तू म्हणशील तिथे. मलाही बाबा हवेत गं." तिचाही बाप होता. मी पंच्याची गुंडाळी पायाने बाजूला सारली, दार थोडंसं उघडलं. "पटकन," मी म्हटलं, आणि माझी मलाच लाज वाटली. ती तिरपी होऊन आत गेली, मागून मी. तिने टेबलावरून हात फिरवला, तिथेच ठेवलेल्या मनोऱ्यावरच्या जुन्या वाट्यांना बोट लावून एक गिरकी दिली, मग खुर्चीवरचा स्वेटर दोन्ही हातांनी उचलून तोंडावर धरला आणि डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मी तिच्याकडे बघत होते. परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असल्यासारखी. तिने पुन्हा एकदा श्वास घेतला. भिंतीशी गेली, उशी हुंगली, परत स्वेटरशी आली. मग माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"आई, हा बाबांचा नाहीये."

"काहीतरीच काय! नीट बघ. तेल, पेपरमिंट..."

"नाहीये गं. ते काहीच नाही. हा तुझा आहे. तुझं मलम, तुझ्या केसांचं तेल, ऑफिसातून आल्यावर तुझ्या मानेशी जो येतो ना, तो. सगळ्या खोलीला तुझाच येतोय."

मी तिच्या हातातून स्वेटर जवळजवळ ओढूनच घेतला. हुंगला. मला काहीच कळेना. स्वतःचा वास स्वतःला कसा कळणार? पण डोकं मात्र चालू लागलं होतं, ते काही मला विचारत बसत नाही. रोज संध्याकाळी कोण येत होतं या खोलीत? लोकर अंगावर कोण घालत होतं? दार लावून, फटी बुजवून, गुडघे चोळत, रडत, बडबडत कोण बसत होतं? एवढीशी खोली, हवेला बाहेर जायला वाट नाही आणि आत रोज न चुकता येणारं, धगधगतं, जिवंत असं एकच माणूस. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सांगितलं असतं. आयुष्यभर मी कुठल्या कुठल्या हवेचा माग काढला, आणि माझ्याच घरात, माझ्याच नाकाखाली मला धुरांडं सापडलं नाही. तो गेला होता. पहिल्या काही दिवसांतच गेला असणार, नियमाप्रमाणे, कुणालाही न सांगता. मी मात्र त्याच्या नावाने रोज स्वतःलाच भेटत होते. मला रडू कोसळलं, असं कोसळलं की झुळुकीने मला धरून खुर्चीत बसवलं. किती वेळ रडले कोण जाणे. मग एकदम संताप आला, स्वतःचाच. उठले आणि खिडकीशी जाऊन चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं. "उघडते सगळं," मी म्हटलं. "पुरे झाला हा वेडेपणा. तुझं सामान आण आत."

"नको ना."

मी वळले. झुळूक कॉटवर आडवी झाली होती. गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून, लहानपणी ताप आला की झोपायची तशी. स्वेटर तिने परत उचलून नाकाशी धरला होता.

"नको उघडू," ती म्हणाली. "तिकडे होते ना, तेव्हा फार आठवायचा प्रयत्न करायचे. तू कशी दिसतेस, कशी ओरडतेस, सगळं आठवायचं. हा तुझा वासच आठवायचा नाही. किती वाईट वाटायचं तुला काय सांगू! आणि इथे बघ, खोलीभर आहे." तिचा आवाज जड झाला होता, झोपेने की कशाने कळत नव्हतं. "दार लाव ना, आई. जाईल तो."

उचकटलेली पट्टी मी अंगठ्याने परत दाबून बसवली, आणि आतूनच दार लावून घेतलं.